सुलभाबरोबर भोकरदनला

सुलभाला बरोबर न्यायचं ठरलं तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. पण दुसरा इलाज नव्हता. माझी लेक सना जनावरांची डॉक्टर झाली, पहिलीच नेमणूक भोकरदनला मिळाली आणि सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. कराडहून फोनवर आम्ही तीन खोल्या ठरवल्या आणि तिन्ही मोडल्या. ‘डॉक्टरीण आहे’ म्हटलं की ठरायच्या, नाव सांगितलं की मोडायच्या. एकीकडे अचानक पाहुणे येणार होते, दुसरीकडे रंग काढायचा निघाला, तिसरीकडे पुतण्याचं लग्न जमलं. शेवटी आमचे हे म्हणाले, “नसरीन, तू स्वतःच जाऊन ये. आणि सुलभाताईंना ने. त्या असल्या की कामं होतात.”

खरंच होतात. हीच तर माझी दुखरी नस आहे. बावीस वर्षं आम्ही दोघी एकाच शाळेत मराठी शिकवलं, एकाच कपाटात वह्या ठेवल्या. तिच्या हातात काय जादू आहे देव जाणे, पण कुठलंही दार तिच्यासाठी उघडतं. ती अनोळखी माणसाला दोन मिनिटांत स्वतःचं नाव, आडनाव, माहेर, सासर सगळं सांगून टाकते, आणि समोरचा माणूस खुर्ची पुढे करतो. मी मात्र कुठेही गेले की आधी मराठी ऐकवते, मग शिक्षिका असल्याचं सांगते, आणि नाव अगदीच विचारलं तर शेवटी. आणि ही बया सुरुवातच नावानं करते! मला तिचा हेवा वाटतो, आणि ती इतकी चांगली आहे की तिच्यावर धड रागावताही येत नाही, त्याचा जास्त राग येतो.

शुक्रवारी सकाळी आम्ही जालन्याला उतरलो. मे महिना, साडेआठलाच ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. बसस्थानकाबाहेरच्या खानावळीत भाकरी आणि येसरची आमटी (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ लावून केलेली) खाल्ली. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुलभानं मालकिणीला कृती विचारली, तिनं मापासकट सांगितली आणि वर येसरची एक पुडीही बांधून दिली. मी शेजारीच बसले होते, आमटी मीही तेवढीच खाल्ली होती. मला पुडी नाही.

राजूरमार्गे जाणारी भोकरदनची बस मिळाली. सुलभाला धुळीचं वावडं, त्यामुळे तिनं सलवार-कमीजवर मोठा स्कार्फ घेतला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड गुंडाळून टाकलं. मंगळसूत्र ती प्रवासात घालतच नाही, चोरांच्या भीतीनं. मी माझ्या नेहमीच्या सुती साडीत, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. आमच्याकडे सवाष्णी काळे मणी घालतात, लच्छा म्हणतात त्याला. लांबून बघितलं तर फरक कळायचा नाही.

बाहेर नांगरलेली काळी रानं, मधेच मोसंबीच्या बागा, त्यांना ठिबकच्या नळ्यांतून जेमतेम पाणी. हसनाबादच्या अलीकडे बस पंक्चर झाली. सगळे उतरून लिंबाच्या सावलीला गेलो. तिथं पांढऱ्या ओढणीतली एक म्हातारी भोकरदनच्याच वाटेवर होती. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, सरकून जागा केली आणि सुलभाला हाक मारली, “आ बेटी, यां बैठ. कां जा रई?” (ये बाळ, इथं बस. कुठं निघालीस?)

मला नाही. सुलभाला! मी साडी सावरत तिथंच उभी होते. म्हातारीनं डबा उघडला, खारी बुंदी तिच्या ओंजळीत ओतली, पाठीवरून हात फिरवला. सुलभा आपल्या मोडक्या हिंदीत बोलत सुटली, लेकीसाठी खोली बघायला निघालोय वगैरे. म्हातारी म्हणाली, “ना मिली तो मेरे घर आना. जुन्या बाजारामागं फातिमाखाला म्हणून कोणालाबी विचार.” मी मनात म्हटलं, घ्या! इतकी वर्षं सगळी दारं हिनं घेतली, आता आमच्या खाला, मावश्यासुद्धा घेतल्या. मला हसूही येत होतं आणि खरं सांगते, रागही.

टायर बदलून होईपर्यंत दोन तास सुलभा बोलतच होती. भोकरदनला उतरली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. नुसती हवा बाहेर येत होती.

सनाच्या दवाखान्यापासून चार घरांवर एका दारावर पाटी होती, ‘वर एक खोली भाड्याने’. मी बेल वाजवली. साठीच्या, ठसठशीत, नऊवारीतल्या बाईंनी दार उघडलं. त्यांचं नाव विमलकाकू. मी म्हटलं, “मुलगी डॉक्टर आहे जनावरांची, सोमवारी हजर होतेय. खोली बघायला आलोय.”

“या की मंग! आमची म्हैस चार दिवसांपासून दूध देऊन न्हाई राह्यली. देवच पावला.”

खोली बघितली आणि माझा जीव तिच्यावर जडला. पूर्वेची खिडकी, समोर लिंबाचं झाड, नळाला पाणी, जिन्याला वेगळं दार. अडीअडचणीला सना अपरात्री जनावर बघायला गेली तरी दवाखाना हाकेवर. मी मनातल्या मनात तिचा पलंग खिडकीशी लावूनही टाकला.

खाली आलो तर चहा तयार होता. मला स्टीलच्या कपबशीत दिला. सुलभानं स्कार्फ नुसता हनुवटीखाली ओढला होता; तिला मात्र काचेच्या ग्लासात, आणि तो ग्लास मांडणीवरून नाही, खिडकीच्या वरच्या कोनाड्यातून काढलेला.

तो ग्लास मी ओळखला. का नाही ओळखणार? कुठे तो ग्लास असतो, कुठे चिनी मातीचा टवका उडालेला कप. कितीतरी घरांत मी तो ओठाला लावलाय, ‘चहा छान झालाय’ म्हटलंय, आणि निघताना तो मोरीबाहेर वेगळा ठेवलेला बघितलाय. सुलभानं तो घेतला, दोन घोटांत संपवला आणि खुणेनं आणखी मागितला. तिला काही कळलंच नाही. मला इतकी जळजळ झाली म्हणून सांगू! अपमान होतोय आणि बाईंना पत्ता नाही. हे एवढं अडाणी राहायचं भाग्य मला कधी मिळालंय?

मी तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पी बाई, म्हटलं, एकदा तूही पी.

विमलकाकूंनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. पाट मांडला होता. “बसा. पहिल्यांदा आल्यात, मोकळ्या हातानं कशा जाल? अन् टिकली कुठं पाडली? घामानं गेली असंल.” मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कपाळाला कुंकू लावलं. मग खण, नारळ आणि गहू घेऊन पदर पुढे करायला सांगितला. मी केला. हो, केला. कोणीतरी एवढ्या मायेनं पाटावर बसवलंय, नाव न विचारता, हे सोडून उठवेना. सुलभाला हे असं कायम मिळतं, हाच विचार डोक्यात होता.

ओटी भरून झाल्यावर काकू खाली वाकल्या, आवाज बारीक केला. “ताई, एक विचारते. राग नका मानू. पोरगी तुमचीच ना? त्या बाहेर बसल्यात त्यांची न्हाई ना?”

“माझीच,” मी म्हटलं.

“मंग बिलकुल काळजी नका करू.” त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि ओटीतच ठेवली. “उद्या येऊ द्या लेकीला. त्यांची असती तर जमलं नसतं. माझं काही न्हाई, पर गल्लीतले लोक बोलतेत. तशी बाई चांगली दिसती, पर आपण कशाला ना?”

किल्ली गव्हावर पडली होती. पितळी, छोटी. मी खोटं बोललेच नव्हते. नुसतं गप्प बसायचं होतं, उठायचं होतं, पदर सावरत बाहेर पडायचं होतं. नंतर सना आली असती, तिनं म्हैस बरी केली असती, मग नाव कळलं असतं तरी काय, म्हशीनं तोवर बाजू घेतली असती. असा सगळा हिशेब मी त्या पाटावर बसून केला. दहा मिनिटं मी सुलभा होते, आणि मला ते भारी आवडलं होतं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “चला. अन् जाताना तुमच्या मैतरणीला म्हणावं, तो ग्लास तेवढा भायेरच्या नळावर विसळून ठेवा.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “काकू, तो ग्लास माझा आहे.”

“म्हणजे?”

“माझं नाव नसरीन. मुलीचं सना. बाहेर बसलीय ती सुलभा. तिच्या कपाळाचं कुंकू दिसत नाही कारण ती धुळीला भिते.”

काकू लाल झाल्या. माझ्या कपाळाकडे अशा बघायला लागल्या, जसं काही ते कुंकू मीच चोरलं होतं. मी ओटी पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

“न्हाई न्हाई. भरलेली ओटी परत घेत न्हाईत. राहू द्या तुम्हाला.” मग डोळे खाली घालून म्हणाल्या, “किल्ली तेवढी द्या.”

मी दिली. द्यायच्या आधी तिला चिकटलेले दोन गहू काढून पदरात ठेवले. उगाच. पण काढले.

कोपऱ्यावर आल्यावर सुलभाला सगळं सांगितलं, ग्लाससुद्धा. ती मटकन एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तुला असं नेहमी होतं? बावीस वर्षांत एकदाही बोलली का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

ती आणखी रडली. आणि गंमत बघा, समजूत मीच घालत होते. खोली माझी गेली, रुमाल मी देत होते. मला तिच्या त्या रडण्याचाही हेवा वाटला. माझे अश्रू या असल्या गोष्टींवर कधीच खर्चून गेलेत.

संध्याकाळ व्हायच्या आत जुन्या बाजारामागं फातिमाखालाचं घर शोधलं. त्यांनी सुलभाला मिठी मारली. खोली माझ्या लेकीसाठी हवी असं मी म्हटलं, तेव्हा माझ्याकडे बघून अडखळल्या. “ताई, खोली तर हाय. पर तुमच्या पोरीला आमच्या इकडं करमंल का? तुमचे लोक काही बोलले तर?” मला कळेना. मग सुलभानं माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं. कुंकू! पुसायचं राहूनच गेलं होतं.

मी सलाम केला, नाव सांगितलं, बापाचं गाव सांगितलं. खालांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. “अगं मंग आधी बोलायचं ना!” आणि सुलभाकडे वळून, “तू कोण गं मंग?” सुलभानं सांगितलं. खाला इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तिच्या हातात चहा दिला, माझ्या हातात दिला, दोन्ही कप एकाच ताटातले. मी बघून घेतलं. सवयच ती.

खोली मिळाली. स्वच्छ आहे, खाला मायेच्या आहेत, सना सुखात राहील. पण दवाखाना तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे आणि खिडकी भिंतीवर उघडते. आणि मला लेकीला तिथं ठेवायचं नव्हतं अशातला भाग नाही. तिला दुसरीकडेही ठेवता यावं, एवढंच हवं होतं. सुलभाची मुलगी पुण्यात खोली बघते तेव्हा झाड बघते, ऊन बघते. माझ्या लेकीनं आधी मोहल्ला बघायचा.

परतीच्या प्रवासात सुलभाचा आवाज हळूहळू सुटला. आधी बहिणीला फोन, मग नणंदेला, मग शाळेतल्या दोघींना. “अगं, त्यांना मीच नसरीन वाटले! वेगळा ग्लास दिला मला, बोल!” प्रत्येक वेळी ती खरोखर संतापत होती, प्रत्येक वेळी तिचे डोळे भरून येत होते. दर वेळी गोष्ट जरा जास्त रंगतही होती. माझ्याकडे अशा गोष्टी पोतंभर आहेत. मी एकही कधी कुणाला फोन करून सांगितली नाही. रोजच्या भाजीची काय बातमी सांगायची?

ओटीतल्या खणाचं मी पोलकं शिवायला टाकलंय. गडद हिरवा रंग, काठ सुरेख आहे. विमलकाकूंची निवड चांगली होती, हे म्हणायलाच हवं.

कराडच्या स्थानकावर उतरलो. सुलभानं स्कार्फ सोडला, झटकला, त्याच्या नीट चार घड्या घातल्या, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. “हुश्श! सुटले बाई एकदाची,” म्हणाली, आणि रिक्षावाल्याला हाक मारून त्याला आपलं आडनाव सांगायला लागली. मी बॅग धरून मागे उभी होते. तिच्या आवाजाचा, नावाचा, येसरच्या पुडीचा, रडण्याचा, सगळ्याचा मी हेवा केलाय. पण स्कार्फ आत बंद करणाऱ्या त्या चेनचा केला, तेवढा कशाचाच नाही.