चालून दाखव

पोलिओने माझा उजवा पाय लहानपणीच बारीक केला. मांडीवर हाताचा दाब दिल्याशिवाय मला पाऊल टाकता यायचं नाही. मी लग्नाची झाले, तसा आईने तो हात सोडवला. पोहे खाऊन झाले की मुलाकडची एखादी मावशी म्हणायचीच, "जरा चालून दाखव गं." बाजारात बैल चालवून बघतात, तशी. म्हणून आई रोज संध्याकाळी मला ओसरीत चालवायची. गुडघा मागे ताठ रेटायचा, पाऊल सावकाश टाकायचं आणि हात पदराला. पुढे ती चाल इतकी अंगवळणी पडली की येवल्याहून बघायला आलेल्या पाहुण्यांना काही कळलंच नाही. तरी नकार आलाच. कुणीतरी मागाहून त्यांचे कान भरले होते.

नव्वदचं दशक असं पोहे करण्यात गेलं. मग गुडघा दगा द्यायला लागला. नाशिक रोडला कामावर जाताना बसमधून उतरले आणि भर रस्त्यात कोसळले. नंतर हे वरचेवर व्हायला लागलं. न्हाणीत जायचं म्हटलं तरी धास्तीने रडू यायचं.

शेवटी एका केंद्रात चालीची तपासणी करायचं ठरलं. थेरपिस्ट बाईंनी साडी गुडघ्यावर खोचायला लावून सांध्यांवर पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या, कॅमेरा लावला. "गुडघा नेमका कुठे सुटतो ते टेपवर दिसायला हवं. पायाला आधाराला बांधायचा कॅलिपर त्यावरून बनेल. अंदाजाने बनवला आणि पुन्हा पडलात, तर हाड मोडेल. मग चालणं विसरा."

मी चालले.

"ताई, ही दाखवायची चाल झाली. घरी चालता तशा चाला."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. मला संताप आला. "घरीही मी अशीच चालते हो," मी म्हणाले. ते खरंच होतं. दुसरी चाल मला उरलीच नव्हती.

"मग कशावरून बनवू मी?" बाई हताशपणे म्हणाल्या.

आई भिंतीशी बसली होती. इतका वेळ माझ्या चालण्याकडे बघून ती सवयीने मान डोलवत होती. ती उठली, माझा हात धरून मांडीवर ठेवला आणि दाबला.

"लंगड गं माझी बाय," ती म्हणाली. "आता कोणी नाय बघत. लंगड."

मी सगळा जीव एकवटून निघाले. हात आपोआप पदराकडे गेला आणि पाऊल पुन्हा तसंच सुरेख पडलं.