आत्या सिनेमे तपासायची तेव्हा

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला त्या नव्या सिनेमाविषयी विचारलंत. मी “बरा होता” म्हटलं, तर दोघंही हसलात. “आजी, बरा म्हणजे काय? आम्ही जावं की नको?” सिनेमाला जायचं की नाही हे दुसऱ्याच्या मतावर ठरवायचं, ही आपल्या घराची जुनीच रीत आहे. तुम्ही सात समुद्रांपलीकडून विचारता. आमच्या वेळी विचारावंही लागत नसे, कारण मत देणारी व्यक्ती घरातच राहत होती. ती माझी आत्या.

तेव्हा ग्वाल्हेरात संस्थानाचा अंमल होता आणि आमचं घर शहराच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजात होतं. माझे वडील दरबारच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. आत्या त्यांची मोठी बहीण, ते तिला आक्का म्हणत. बोलपट नुकते कुठे गावात रुळले होते आणि नानांनी एक नियम घातला होता: आक्काने आधी पाहून पसंत केल्याशिवाय मुलींनी कोणताही सिनेमा पाहायचा नाही. मुली म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. मी इंग्रजी शाळेत शिकत होते आणि तिथून आणलेल्या कादंबऱ्यांत मुली दर चार प्रकरणांना कुणाचा तरी हात धरून पळून जात. पण ती पुस्तकं आत्याला वाचता येत नसत, त्यामुळे ती निर्दोष ठरली होती.

नवा सिनेमा शुक्रवारी लागे. शुक्रवारी दुपारी शेजारच्या काकूंना टांग्यात घालून आत्या तपासणीला निघे. टॉकीजमध्ये बायकांची जागा वरच्या मजल्यावर, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड असायची. संध्याकाळी परत आली की ती पाय धुऊन भाजी निवडायला बसे आणि मग निकाल लागे.

तिला सिनेमांची नावं कधीच लक्षात राहत नसत. तिला त्यातलं जे खटकलं असेल, तेच त्याचं नाव. “तो विहिरीवाला अगदीच बेकार,” ती म्हणायची. “ती बाई विहिरीवर गेली, गाणं म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि घागर तशीच रिकामी घेऊन घरी आली. मुली हेच शिकणार.” दुसरा एक होता, बाणवाला. “छातीत एवढा बाण, आणि हा आपला गातोय. अरे, त्या दमात हाक मारली असतीस तर वैद्य येऊन गेला असता!”

देवादिकांचा सिनेमा असला की ती चपला काढून खुर्चीखाली ठेवायची आणि देव पडद्यावर आले की हात जोडायची. इथवर ठीक होतं, सगळ्याच बायका जोडत. पण पुढच्या महिन्यात तोच नट दुसऱ्या सिनेमात दरोडेखोर होऊन आला, तरी आत्याने हात जोडलेच.

“अहो वन्सं, तो दरोडेखोर आहे,” त्या दिवशी सोबत गेलेली आई म्हणाली.

“माहीत आहे मला. पण गेल्या महिन्यापर्यंत देव होता ना? एकदम कसं सोडायचं?”

तिच्या निकालात दहातले नऊ सिनेमे नापास होत. आणि सिनेमा जितका वाईट, तितकी तिची शंका मोठी. “मधला भाग काही नीट समजला नाही. उगाच कुणावर अन्याय नको. सोमवारी पुन्हा बघून येते.” विहिरीवाला तर तिला इतका अयोग्य वाटला की त्याची गाणी ती पोळ्या लाटताना गुणगुणू लागली. आम्हा बहिणींना त्या वर्षी काय पाहायला मिळालं म्हणाल, तर एक संतपट आणि एक सिनेमा ज्यात बहुतेक वेळ गाय होती.

एके रात्री जेवताना आत्या आमटी वाढत वाढत ताज्या सिनेमाची चिरफाड करत होती. नाना शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी घास खाली ठेवला.

“आक्का, मी विचार करून राहिलो आहे. सगळेच सिनेमे जर इतके वाईट, तर मुलींना पाठवायचा प्रश्नच येत नाही. मग तू बिचारीने दर आठवड्याला हा त्रास का सोसायचा? या शुक्रवारपासून बंद.”

आत्याच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. “त्रास कसला रे, घरच्यांसाठी...”

“नाही, नाही. फार केलंस तू आमच्यासाठी.”

नाना हे मनापासून बोलत होते, म्हणूनच तिला भांडता येईना. तुम्हाला हे समजायला हवं की आत्या फार लहानपणी विधवा झाली होती. देऊळ, स्वयंपाकघर आणि शुक्रवार, एवढंच तिचं जग. हौसेने सिनेमाला जाणारी विधवा त्या काळी गल्लीने खपवून घेतली नसती. भाच्यांच्या काळजीपोटी, कपाळाला आठ्या घालून जाणारी मात्र सगळ्यांना चालत होती. नानांनी मायेने तिचा शुक्रवारच काढून घेतला. आमटी त्या रात्री आम्हाला वाढलीच गेली नाही.

दोन दिवसांनी गल्लीतून सिनेमावाल्यांची ढोल-ताशेवाली गाडी गेली. दोन्ही बाजूंना येणाऱ्या बोलपटाची रंगीत चित्रं, आणि भोंग्यातून एकजण ओरडत होता, “देखिए, देखिए, इसी शुक्रवार से!” आत्या खिडकीशी धावली. संध्याकाळी नाना आल्याबरोबर ती म्हणाली, “हा येतोय तो चांगला आहे. मुलींनी बघावा असाच आहे.”

“तू पाहिलास?”

“बघायचं काय त्यात? हत्ती आहे. जिथे हत्ती असतो तिथे वावगं काही होत नाही.”

नाना कचेरीतल्यासारखं हसले. “ठीक आहे. मग मीच येतो बघायला. आक्का म्हणते तसा असेल तर तपासणी पूर्ववत चालू. नसेल तर कायमची बंद.”

नानांनी जन्मात बोलपट पाहिलेला नव्हता. शुक्रवारी ते कचेरीतून थेट टॉकीजवर आले आणि खाली पुरुषांत बसले. आम्ही सगळ्या वर. आत्याने पडद्याकडे पाठ फिरवली नव्हती एवढंच. तिचं लक्ष चिकाच्या फटीतून खाली, नानांच्या पगडीवर होतं.

सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो, तोच राजकन्या बागेत एका परक्या तरुणाशी बोलू लागली. “झालं,” आत्या म्हणाली. मग राजकन्येने बापाला उलट उत्तर दिलं. “आता काय राहिलं?” आत्या म्हणाली. मग राजकन्या मध्यरात्री खिडकीतून उतरली आणि त्या तरुणाबरोबर हत्तीवर बसून पळाली.

“मेल्या,” आत्या हत्तीला म्हणाली, “तुझ्यावर भरवसा ठेवला होता मी.”

तिचे डोळे खरंच भरून आले होते. आम्हाला हसावं की तिचा हात धरावा ते कळेना. एवढ्यात खालून एक लांबलचक, गडगडता आवाज आला. मला आधी वाटलं हत्तीच. पण हत्ती तर पडद्यावरून केव्हाच गेला होता. खालून कुणीतरी वैतागून म्हणालं, “अरे भाईसाहब, घर जाके सोइए ना!”

आत्या ताठ बसली. पदराने डोळे पुसले. “हे घोरणं आपल्या घरचं आहे,” ती हळूच म्हणाली. आणि मग खुर्चीत नीट मांडी घालून तिने उरलेला सिनेमा अगदी निवांत पाहिला.

रात्री पानावर बसल्यावर नानांनी घसा साफ केला. “चित्रपट उत्तम आहे. राजा न्यायी दाखवला आहे.”

“न्यायी?” आई म्हणाली. “अहो, त्यालाच तर शेवटी हत्तीने...”

“सुरुवातीला न्यायीच होता,” आत्या म्हणाली.

“तेच. सुरुवातीला,” नाना म्हणाले.

“आणि मुलगी कशी मर्यादेत राहणारी,” आत्याने आमटी वाढली.

“फारच मर्यादशील.”

“नदीचा देखावा तर तुला आवडलाच असेल.”

“नदी काय दाखवली आहे! वा!”

त्या अख्ख्या सिनेमात नदी नव्हती. माझ्या बहिणीने तोंडात पदर कोंबला.

“आणि तो साधू?” आत्या अगदी भाबडेपणाने म्हणाली.

“साधूने तर कमालच केली,” नाना म्हणाले, आणि मग कुठेतरी त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान वर करून आत्याकडे पाहिलं. आत्या भातावर तूप वाढत होती. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

“तपासणी चालू ठेव, आक्का,” ते म्हणाले.

“तू म्हणतोस तर ठेवते बापडी.”

जेवण झाल्यावर नाना मोरीशी हात धुवायला गेले. आत्या तांब्या घेऊन मागे उभी होती. त्यांनी इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, “आक्का, नदी होती ना?”

“होती की,” ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं.