भोरड्या बघायला आलेले पावणे

नेसरीच्या स्टँडवरून मी नोकरीसाठी कोल्हापूरला निघालो, ती सकाळ गावात अजून सांगतात. माझ्या कर्तबगारीमुळं नव्हे. नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली होती. आव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, भाकरीचं गठुळं हातात दिलं होतं, सगळी भावकी गोळा झाली होती, गळ्यात हार होता. कोल्हापूर आमच्यापासून एसटीनं अडीच-तीन तासांवर. पण दुबईला जाणारा माणूस रडणार नाही एवढा मी रडलो, आणि डोळे पुसत समोर आलेल्या गाडीत चढलो. गाडी चंदगडची होती. कोल्हापूर एकीकडं, चंदगड बरोबर उलट्या अंगाला.

कंडक्टरनं मला वाटेत उतरवलं. मग कोल्हापूरकडची गाडी धरली, ती अर्थातच नेसरीवरूनच जाणार. स्टँडवर आमची मंडळी अजून चहा पीत बसली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, खिडकीजवळ आले, हाराकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आलास व्हय नोकरी करून?"

असं माझं स्थलांतर. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही यावर पुष्कळ हसला आहात. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हीही कुठंतरी चुकीच्या गाडीत चढला असालच, फक्त ती परत गावावरून गेली नसेल.

मंगळवार पेठेत खोली घेतली. ऑफिस, मेस, खोली. ऑफिसात माझी ओळख 'नेसरीचे पावणे' अशीच राहिली. त्याचं मला काही वाटलं नाही. परक्या गावात माणूस पावणाच असतो. वाईट वाटलं ते दिवाळीला घरी गेल्यावर. आव्वानं मला कपबशीतून चहा दिला. आमच्याकडं घरचे पेल्यातून पितात, कपबशी फळीवरून उतरते ती पावण्यांसाठी. आप्पा वैरण काढायला निघाले, मी मागून निघालो, तर म्हणाले, राहू दे, कापडं खराब होतील. शेजारची म्हातारी येऊन विचारून गेली, कवा आलासा, ऱ्हाणार हाईसा न्हवं? मला, अहोजाहो करून! म्हणजे तिकडं मी पावणा आणि इकडंही पावणा. त्या रात्री मी मनात हिशेब केला की आता आपलं असं ठिकाण उरलंय ते फक्त एसटीतलं सीट, आणि तेही बहुतेक वेळा उभ्यानं.

पाखरं बघायचा नाद लागला तो या एकटेपणात. ऑफिसातल्या एकानं पक्षी बघणाऱ्यांच्या एका गटात नेलं. रविवारी पहाटे सायकली काढून कळंबा तलावावर जायचं. गटाच्या प्रमुख इनामदार मॅडम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांचा एकच नियम होता, आवाज नको. आता कोल्हापूरच्या माणसाला कुजबुजायला सांगणं म्हणजे म्हशीला चवड्यांवर चालायला सांगणं. मी पहिल्याच रविवारी अगदी बारीक आवाजात "त्यो बघा बगळा" म्हणालो आणि तलावाच्या पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा उठले. बगळा मुळात तिथं नव्हताच, पाण्यात अडकलेली पिशवी होती. मॅडमनी मला रांगेत शेवटी टाकलं. मी दोन वर्षं शेवटी चाललो आणि पुढच्यांच्या पाठी बघून पक्षी ओळखायला शिकलो.

एवढ्यात आव्वाला कुणीतरी सांगितलं की तुमचा पोरगा दर रविवारी कळंब्याला असतो. कळंब्याला तलाव आहे हे आमच्याकडं कुणाला माहीत? तिथला तुरुंग सगळ्यांना माहीत. तिनं दोन दिवस जेवण सोडलं होतं.

मग एका फाल्गुनात मॅडम म्हणाल्या, पळसमैना त्यांच्या देशी परत जायच्या आधी त्यांचा मोठा थवा एकदा जवळून बघायला मिळाला पाहिजे. पळसमैना म्हणजे आमच्या भोरड्या. डोकं काळं, अंग गुलाबी, आणि पोटात आमचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. लहानपणापासून मी त्यांना गोफणीनं हाकलत आलो होतो. तोंडातून निघून गेलं, आमच्या शेतात चला, ढीगभर दाखवतो. सगळा गट माझ्याकडं वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझं तोंड दिसलं असावं.

मी गावातल्या दुकानावर फोन लावला, आप्पांना बोलावून घेतलं. शाळूत भोरड्या आहेत का विचारलं.

"हायत्या की. लई माजल्यात."

म्हटलं, रविवारी कोल्हापूरहून माणसं बघायला येणार आहेत. मोठी शिकलेली माणसं आहेत. आप्पा म्हणाले, येऊ देत, काळजी करू नको. आप्पांना तरी काय कळणार? पाखरांनी पीक खाल्लेलं बघायला कुणी गाडी भाड्यानं करून येतं का? आप्पांनी सरळ हिशेब लावला की ही माणसं आपली राखण बघायला येणार. कुस्ती बघायला नाहीत का येत लांबून, तशी.

रविवारी उजाडता उजाडता आमची भाड्याची ट्रॅक्स जीप बांधावर थांबली. बांधावर शाळेतल्या खुर्च्या मांडलेल्या. शेताच्या कडेनं लाकडी माळे उभारलेले आणि एकेका माळ्यावर भावकीतला एकेक पट्टीचा गोफणवाला. कुणाच्या हातात पत्र्याचा डबा. मध्ये आप्पा, धुतलेला पटका बांधून. मॅडमनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. आप्पांना वाटलं ती इशारत आहे.

भोरड्या आल्या त्या धुरासारख्या. शाळूवर उतरायला लागल्या आणि चारी बाजूंनी जी आरोळी उठली, ती गडहिंग्लजला ऐकू गेली असेल. डबे वाजले, गोफणी सुटल्या. थवा उठला, वळला, डोक्यावरून एवढा खाली गेला की पंखांचा वारा लागला. पलीकडच्या शेतातल्यांनी तिकडून हाकलला, तो पुन्हा आमच्याकडं. मी मॅडमकडं बघायचं धाडस केलं नाही. गटातून नाव गेलं, हे मी धरून चाललो होतो. घरचीही लाज गेली, कारण उद्या आप्पांना कळणार की पोरानं लोकांना राखण नव्हे, चोर बघायला आणलं होतं.

आणि मग थवा बांधावरच्या पांगाऱ्यावर बसला. झाडावर पान नव्हतं, नुसती लाल फुलं. त्या लालावर तो गुलाबी. मांडलेल्या खुर्च्यांपासून चार हातांवर. गोफणी आपोआप थांबल्या, कारण पांगाऱ्यावर पीक नसतं. गटातल्या सगळ्यांच्या दुर्बिणी वर गेल्या, आणि काहींनी खालीच घेतल्या, कारण गरजच नव्हती.

तेवढ्यात मागून आलेला दुसरा घोळका शेताच्या कोपऱ्यात उतरायला लागला. तिथला माळा रिकामा होता. आप्पा माझ्याकडं वळले. मी गळ्यात दुर्बीण घालून, इस्त्रीच्या पँटीत, हात बांधून उभा होतो.

"बघतूयास काय पावण्यावानी? चढ की वर."

खरं सांगतो, एवढं गोड मला कुणी बोललं नव्हतं. मी बूट काढायलाही थांबलो नाही. माळ्यावर चढलो, गोफण फिरवली आणि पहिला धोंडा मागं गेला. चहाची किटली आडवी झाली. आप्पांनी माझा, माझ्या नोकरीचा आणि कोल्हापूर शहराचा सगळ्यांसमोर उद्धार केला. दुसरा धोंडा बरोबर गेला. मग छाती भरून जी हाळी दिली ती दोन वर्षांची कुजबुज फोडून बाहेर आली. कोपऱ्यातला घोळका उठला आणि पांगाऱ्यावरच्यांत जाऊन मिसळला. सगळं झाड हलायला लागलं.

मॅडम खुर्चीवर चढून उभ्या होत्या. दोन वर्षांत मी त्यांचा मोठा आवाज ऐकला नव्हता. तो तेव्हा ऐकला. "अहो, अजून एकदा ओरडा!"

त्यानंतर कोल्हापुरात मॅडम सांगत सुटल्या की नेसरीच्या शेतकऱ्यानं आमच्यासाठी थवा नाचवून दाखवला. गावात आप्पा सांगत सुटले की आमची राखण बघायला कोल्हापूरची माणसं गाडी करून आली. दोघांनाही मी आजतागायत खरं सांगितलेलं नाही. दोघंही जिंकली असताना मध्ये तोंड कशाला घालायचं?

आता कळंब्याजवळ घर बांधलंय, तलावाच्या बाजूला, हे आव्वाला आधी नीट समजावलं. गावाकडं शाळवाच्या जागी ऊस आला, पण आप्पांनी एक तुकडा शाळवाला ठेवलाय. दर फाल्गुनात ट्रॅक्स जाते. कोण कुठल्या माळ्यावर चढणार ते आप्पा ठरवतात. मागच्या वर्षी गटातल्या दातांच्या डॉक्टरांना पत्र्याचा डबा दिला होता. मला विचारत नाहीत, नुसतं बोट दाखवतात. इकडं रविवारी मॅडम नवीन लोकांना माझ्या गळ्यात टाकतात आणि एक पक्षी चुकीचा सांगितला तर त्यांच्यादेखत झाडतात.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचो. आता नाही. जिथं पोचल्या पोचल्या न विचारता कामाला लावतात आणि काम चुकलं की चारचौघांत झापतात, ते आपलं घर. बहुतेकांना असं एक मिळताना मारामार होते. माझी दोन आहेत, आणि दोन्हीकडं माझ्या नावानं बोंब चालू असते.