हळदीच्या ड्रमचा सूर

माझं संगीत आईला कधीच पटलं नाही. मी लॅपटॉपवर संथ, लांबलचक आवाज रचते आणि त्यात देशोदेशीची वाद्यं मिसळते. ते ऐकून ती दर वेळी म्हणते, "काय भुणभुण लावून राहिलीस? गाणं कवा सुरू व्हनार हाय?"

गेल्या हळदीच्या हंगामात कळमनुरीजवळच्या आमच्या गावी गेले ती बाबांसाठी. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. ज्यांच्या गायन पार्टीसाठी लोक जयंतीला खोळंबून बसायचे, त्यांना साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं. बोट दाखवायचे, आणि आम्ही भलतंच काही आणलं की भिंतीकडे तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मला त्या वाट बघण्याचाच संताप यायचा.

शेजारच्या शेतात हळद पॉलिश करायचा लोखंडी ड्रम फिरत होता. त्याची घरघर मी रेकॉर्ड केली, निम्म्या गतीवर आणली आणि तिच्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या कोरा या वाद्याच्या तारा सोडल्या. दुपारी ओसरीवर स्पीकर लावून ऐकत बसले. बाबा खाटेवर पडून होते.

आणि बाबा गायले.

पुटपुटले नाहीत, गायले. "हळद माझी पिवळी, हात माझे काळे." शब्द न् शब्द स्वच्छ. आईच्या हातातलं सूप निसटलं, गहू ओसरीभर सांडले. ऐन उमेदीत असल्याच ड्रमवर रोजानं काम करताना बाबांनी हे गाणं रचलं होतं. पेटी नव्हती, म्हणून त्या घरघरीतूनच सूर धरायचे. हे मी लहानपणापासून ऐकलेलं, पण रेकॉर्ड करताना ध्यानीमनीही नव्हतं.

एक ओळ गाऊन ते थांबले. चांगला हात वर उचलला आणि आमच्याकडे बघत राहिले. हात खाली येईना. पुन्हा झटका आला असं वाटून मी घाबरून फोन उचलला.

"ठिव तो फोन!" आई ओरडली. "कोरस पायजे त्यायला. कोरसबिगर म्होरं कसे जातील?"

खरंच की. गायन पार्टीत गायकानं ओळ टाकायची, कोरसनं ती उचलायची. तोवर गायक पुढे सरकत नाही. मी सातासमुद्रापलीकडचं वाद्य आणून ठेवलं होतं, पण कोरस नव्हता. आता मीच द्यायला हवा होता, पण ओळ नेमकी कुठे उचलायची तेच मला ठाऊक नव्हतं.

आईनं ओळ उचलली. बाबांच्या गाण्याला केकाटणं म्हणणारी, एकाही कार्यक्रमाला न गेलेली माझी आई! बेसूर गायली, पण बरोबर जागेवर. बाबांचा हात खाली आला आणि त्यांनी पुढची ओळ टाकली.

असं करत गाणं पूर्ण झालं. मी थक्क होऊन आईकडे बघत होते. "तुला कोरस कधीपासून येतो?"

"तू व्हायच्या आंदी घरीच तालीम चालायची. मंग कोरस कोन देत व्हतं?"

स्पीकरवरचा ड्रमचा आवाज संपला होता. बाबांनी माठाकडे बोट केलं, ओठ हलवले. शब्द आला नाही.

आई माठाकडे गेलीच नाही. तिथंच गव्हात बसून मला म्हणाली, "गाऊन मागतील पानी. लाव पुन्ना, तुझं ते गाणं."