दुसरा कॅमेरा

आमचे वडील, अण्णा, सोलापुरात एका दैनिकाचे फोटोग्राफर होते. ते गेले आणि शहराला एकदम साक्षात्कार झाला, की या माणसाने आपला इतिहास जपला! समिती नेमली गेली, प्रदर्शन ठरलं. जिवंतपणी ज्यांनी त्यांना समारंभात बसायला खुर्ची दिली नाही, ते माझ्या घरी चहा पीत गळा काढत होते. मी निगेटिव्हचे डबे देऊन टाकले. अडगळ तरी गेली.

डब्यांत काय आहे हे मला ठाऊक होतं. फिती, नारळ, हार, शाली आणि पुढाऱ्यांचे दात. फिल्म तुटपुंजी मिळायची, म्हणून अण्णा गळ्यात दोन कॅमेरे अडकवायचे. एकात फिल्म. दुसरा कायम रिकामा. पेपरात ज्याला जागा नाही अशा माणसाने फोटोचा हट्ट धरला, की दुसरा कॅमेरा डोळ्याला लावून फ्लॅश उडवायचा. "माणूस खूश, फिल्म शाबूत," असं ते जेवताना हसत सांगायचे. आम्हीही हसायचो.

प्रदर्शनाची बातमी वाचून एक म्हातारी दारात आली. नवरा गिरणीत कामाला होता, आता हयात नाही. गिरणीला कुलूप लागलं त्या दिवशी मंत्री आले होते, आणि ते गेल्यावर अण्णांनी फाटकापाशी कामगारांची रांग उभी करून फोटो काढले होते.

"ताई, आमच्या ह्यांचा दुसरा फोटूच न्हाय बगा. लग्नातला वाळवीनं खाल्ला. नातवंडांनी आज्याचं तोंड बगितलं न्हाय."

गिरणी बंद झाली त्या संध्याकाळी अण्णा काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवत होतं. "सगळी रांग दुसऱ्या कॅमेऱ्याने उरकली." तरी समितीकडे जाऊन मी त्या दिवसाच्या पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. मंत्री, मंत्र्यांची गाडी, पुन्हा मंत्री.

मला गोड बोलता येत नाही. ती पुन्हा आली तेव्हा सांगून टाकलं, की त्या कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती.

"असं कसं, ताई? उजेड पडला हुता की! ह्यांचं डोळं दिपलं. मरंस्तवर रोज पेपर बगायचं, आज तरी आला का म्हनून."

मला अण्णांचा संताप आला. मेलेल्या माणसावर ओरडताही येत नाही.

ती प्रदर्शनाला आलीच. ठेवणीतलं लुगडं नेसून प्रत्येक फोटोच्या काचेला नाक लावून हिंडली. मंचावर कुणीतरी अण्णांना शहराचे डोळे म्हणत होतं. शेवटी पेपरसाठी सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला. निदान हिचा तरी एक असू दे, म्हणून मी तिला हाताला धरून शेजारी उभं केलं. तिने पदर नीट केला. समोरच्या तरुण फोटोग्राफरने कॅमेरा उचलला, तशी ती म्हणाली,

"बाळा, ह्यात तरी फिलिम हाय का?"

तो हसला. "आजी, आता कुठल्याच कॅमेऱ्यात फिल्म नसते."

सगळे खो खो हसले. तिने माझा हात सोडवला आणि दाराकडे चालू लागली. मी हाक मारेपर्यंत फ्लॅश उडाला होता.

दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. माझ्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे.