साहेबाची महरट्टा

इंग्रज देश सोडून गेले त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मुळशीच्या आमच्या अंगणात एक मोटार थांबली, म्हातारा साहेब उतरला आणि माझ्या सासूबाईंना म्हणाला, "मला महरट्टा येते."

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. साहेबाने खिशातून झिजलेल्या पुठ्ठ्याचं छोटं पुस्तक काढलं. वरचं इंग्रजी नाव वाचलं तेव्हा मला उलगडा झाला, महरट्टा म्हणजे आपली मराठी. जुने साहेबलोक तिला असंच म्हणायचे.

"बया, म्हशीला शोभंल असलं नाव," सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या.

त्याची महरट्टा फार तर वीस वाक्यांची. घोडा आण, पाणी तापव, वाट दाखव, उद्या ये. तरुणपणी तो धरणाच्या मोजणीवर होता, तेव्हा एवढ्यावर भागलं. आता एकदा धरण डोळ्यांनी बघावं म्हणून आला होता. पुढचं बोलणं इंग्रजीतूनच व्हायला हवं होतं आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी, पुण्याची मॅट्रिक सून. त्या दिवशी मी काय मिरवले! आठवलं की स्वतःचाच राग येतो.

चहा घेताना साहेबाने विचारलं, आजींना मी आठवतो का? मी ते मराठीत सांगितलं आणि सासूबाईंचं हसू गेलं.

"आटवतोय की. इचार त्याला. माजं पयलं लेकरू गेलं तवा ह्योच मोजमाप करत हिंडत हुता. लेकराला खालच्या घरामागं पुरलं हुतं, आता पान्याखाली गेलंय त्या. मी इचारलं, पानी हितवर यील का? तर आपल्या बोलीत म्हनला, हितं पानी येनार न्हाई. आपल्या बोलीत बोलतोय म्हनून मी इस्वास ठेवला गं. न्हाईतर त्याच्यावरची मूठभर माती तरी वर आनली असती. इचार, का म्हनला तसं?"

त्या आणखी बोलत होत्या. लेकराचं नाव घेतलं, ते कसं हसायचं ते सांगितलं. माझं लक्ष नव्हतं. दारी आलेल्या पाहुण्याला असं तोंडावर कसं विचारायचं, याचीच मी मनात जुळवाजुळव करत होते. शेवटी साहेबाला म्हणाले, तुम्ही त्यांना चांगले आठवता, तुम्ही आलात याचा त्यांना आनंद झालाय.

साहेबाने पुस्तक परत खिशात घातलं. पाणी, लेकरू, माती हे शब्द त्याच्या पुस्तकात असणारच. पण त्याने माझंच उत्तर खरं धरलं. आम्हा दोघांच्याही सोयीचं होतं ते. सासूबाईंना हात जोडून तो निघून गेला.

"काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

"चुकलं म्हणाला. माफी मागितली तुमची." माझ्या तोंडातून निघून गेलं.

त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि मोकळं रडल्या. मग गावभर सांगून आल्या, साहेब माफी मागून गेला. माझ्या शिक्षणाला आजवर नाकं मुरडणारी बाई आल्यागेल्यापाशी माझं कौतुक करायला लागली. मला ते ऐकवत नसे. खरं सांगितलं तर त्यांना मिळालेला विसावा जाणार होता, आणि माझी अब्रूही जाणार होती. यातलं पहिलं कारण मी स्वतःला जास्त वेळा सांगायचे.

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. सासूबाई त्याला तेल लावता लावता म्हणाल्या, "नाव तुला आवडंल ते ठिव. फकस्त माज्या लेकराचं नगं ठिवूस, गेलेल्याचं नाव लागू नये म्हनत्यात. तुला तर ठावं हायच ते. तूच साहेबाला सांगितलंस."

मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, घरात ते नाव कधी कुणी काढलंच नव्हतं. आणि आता मला विचारताही येत नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "नाव तुम्हीच ठेवा."

त्यांचे डोळे भरून आले. बारशाला त्यांनी स्वतः निवडलेलं नाव ठेवलं गेलं. मग सुनेने केवढा मान दिला म्हणत त्यांनी भरल्या घरात आधी माझी दृष्ट काढली, मग बाळाची.