साडेतीन स्टार

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फाटकावर चेहरा ओळखणारा तो डबा बसवायचं ठरलं, तेव्हा पहिला विरोध खरं तर मी करायला हवा होता. असल्या गोष्टींबद्दल अख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत जास्त वाचलेलं मीच. कॉलेजात असल्यापासून मला भविष्यातल्या वाईट दिवसांच्या कथांचं वेड. दिवाळी अंक हातात पडला की आधी विज्ञानकथा शोधायची. माणसांवर नजर ठेवणाऱ्या भिंती, प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा, आणि आकडा घसरला की धडाधड बंद होणारी दारं. अंगावर काटा यायचा आणि तो हवाहवासाही वाटायचा, कारण अंक मिटला की बाहेर पेपरवाला आणि दूधवाला नेहमीसारखे भांडत असायचे.

आता त्यातलं बरंच घरपोच येतं. सिग्नलला माझी स्कूटर पांढऱ्या पट्ट्यावर चार बोटं पुढे गेली, तर फोटोसकट दंडाची पावती मोबाईलवर हजर. बातम्यांत गर्दीतून एकच चेहरा हुडकून काढणारे कॅमेरे. मी मुलाला दर वेळी सांगते, "हे मी चाळीस वर्षांपूर्वी वाचलंय." तो म्हणतो, "आई, मग तेव्हाच तक्रार करायचीस ना."

तर सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरींनी समजावलं, की कामाला येणाऱ्या प्रत्येकाने डब्याला चेहरा दाखवायचा, मग कोण कधी आलं, कधी गेलं ते आपल्या मोबाईलवर दिसेल. शिवाय आपण त्यांना पाचपैकी स्टार द्यायचे, म्हणजे शेजारच्यांनाही माणूस कसा आहे ते कळेल. मी एकच प्रश्न विचारला, पावसाळ्यात डब्यावर छप्पर असेल का? असेल म्हणाले. मी हात वर केला. खोटं कशाला सांगू, मावशी आल्या का हे बघायला रोज सकाळी गॅलरीत उभं राहायचा मला कंटाळा आला होता.

मावशी अकरा वर्षं माझ्याकडे पोळ्या करतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये त्यांची आणखी चार घरं होती. पोळी घडीची, पापुद्रे सुटलेली, संध्याकाळपर्यंत मऊ. त्यांना स्टार द्यायची वेळ आली तेव्हा मी चष्मा लावून, नीट विचार करून बसले. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. निबंधाला दहापैकी सातच्या वर मी कधी कुणाला दिले नाहीत, आठ दिले की मुली शेफारतात. आमच्या माहेरी, आमच्या शाळेत, आणि एकूण आमच्या पुण्यातच "बरं झालंय" इथे स्तुती संपते. मी मावशींना साडेतीन दिले. म्हणजे सत्तर टक्के, पहिल्या वर्गाच्याही वर. शिवाय साडेतीनला आपल्याकडे मान आहे, मुहूर्तसुद्धा साडेतीनच. आपण फार उदार झालो असं वाटून मी चहा टाकला.

पुढचे दोन आठवडे मावशी दहा-दहा मिनिटं लवकर येऊ लागल्या. ओटा दोनदा पुसायच्या. तूप अगदी कडेपर्यंत लावायच्या. मी मनात म्हटलं, बघा, थोडी नजर असली की काम कसं सुधारतं.

मग एक दिवस लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही बरं केलंत स्पष्ट सांगून. अकरा वर्षं ओळखणाऱ्या तुम्हीच साडेतीन दिलेत म्हटल्यावर आम्ही पोळ्यांना दुसऱ्या बाई पाहिल्या."

मला काही समजेना. त्यांनीच समजावलं. सगळे डोळे मिटून पाच देतात, रोज कप फोडणारीलाही पाच. एका घराने जरी चारच्या खाली दिले तरी नाव लाल होतं. मावशींच्या चारपैकी तीन घरांनी त्यांना सोडलं होतं.

घरी येऊन मी स्टार बदलायला गेले. तीन महिन्यांनी बदलता येतील, असं उत्तर आलं. त्या मोबाईलला मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग चपला घातल्या आणि तिन्ही दारांवर गेले. "अहो, माझे साडेतीन म्हणजे बोर्डात आल्यासारखं आहे," असं वहिनींना सांगितलं. त्या हसल्या आणि मावशींना परत बोलावते म्हणाल्या. दुसऱ्या घरी नवीन बाई पोळ्या लाटतच होत्या, तिथे काय बोलणार. तिसरं दार उघडलंच नाही. बेलमधल्या कॅमेऱ्यातून एक मुलगी म्हणाली, "आंटी, ॲपवर कम्प्लेंट रेज करा ना प्लीज." बंद होणारी दारं मी आयुष्यभर वाचली होती, पण ती बंद करणारी एखादी निवृत्त शिक्षिका असेल असं कोणत्याच कथेत आलं नव्हतं. मी जिन्याने खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मावशी कणीक मळत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन एका दमात सांगून टाकलं. "मावशी, तुमची घरं माझ्यामुळे गेली. ते स्टार मी दिले होते."

"ठावं हाय, बाई," त्या म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "पहिल्याच दिवशी सुनेनं मोबाईलात दाखवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही शाळेच्या बाई. तुम्ही कापलं म्हणजे काहीतरी चुकत असणार. म्हटलं जरा लवकर येऊ, तूप नीट लावू, ओटा दोन डाव पुसू. उरलेला दीड द्याल कधीतरी."

मग जे बोलायला अकरा वर्षं लागली ते बोलले. "काही चुकत नव्हतं हो. तुमच्यासारखी पोळी माझ्या आईलाही जमत नव्हती. रोज दुपारी शेवटची पोळी मी नुसतीच खाते, भाजीशिवाय."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"मग दीड कशाचा कापला?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. बत्तीस वर्षं मी गुण कापले आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी ओट्याला टेकले आणि मला रडू फुटलं. मावशींनी गॅस बारीक केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि कोपऱ्यातलं स्टूल माझ्यासाठी पुढे सरकवलं.